परत येऊन रुजणे : जामखेडच्या आरोळे कुटुंबाची वाटचाल

परदेशी जाणाऱ्याचे आपल्याकडे फार कौतुक होते. ‘अमुक यांचे चिरंजीव उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस रवाना’ अशी ओळ स्थानिक वर्तमानपत्रात छायाचित्रासह झळकते, पेढे वाटले जातात, घरच्या मंडळींचे पाय चार दिवस जमिनीला लागत नाहीत. परत येणाऱ्याच्या वाट्याला यातले काही येत नाही. तो आपला गुपचूप येतो. भेटणारा पहिल्यांदा विचारतो, ‘किती दिवस आहात?’ आणि ‘आता इथेच राहणार’ असे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न त्याच्या ओठावर येऊन थांबतो, ‘का हो, तिकडे काही बिनसले?’

वास्तविक जाण्यापेक्षा येणे अवघड. जाणाऱ्याची व्यवस्था दुसऱ्या कोणी तरी लावून ठेवलेली असते. विद्यापीठ असते, शिष्यवृत्ती असते, राहायला वसतिगृह असते, आपल्या आधी गेलेल्यांची ओळखपाळख असते. येणाऱ्यासाठी अशी कोणतीच सोय नसते. गेला तेव्हा तो एकटा किंवा दुकटा होता, येताना पदरी मुले असतात. मुलांची भाषा बदललेली, पत्नीच्या शिक्षणाचे येथे काय होणार याचा पत्ता नाही, आणि हातची विद्या तर तिकडच्या यंत्रांवर आणि तिकडच्या पैशावर वाढलेली. बरे, ज्या गावी परत यायचे ते गावही त्याची वाट बघत थांबलेले नसते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. १९७० साली एक तरुण डॉक्टर दांपत्य अमेरिकेतून परतले आणि अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासूनच्या अहिल्यानगरच्या) पार आग्नेय टोकाला, जामखेडला येऊन राहिले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. त्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली रजनीकांतांना पद्मभूषण मिळाले, आणि तेव्हापासून त्यांच्यावर गौरवपर लेखांची कमतरता राहिली नाही. परंतु त्या गौरवात एक साधा प्रश्न बाजूला पडतो. चार वर्षे अमेरिकेत काढलेले हे कुटुंब एका दुष्काळी तालुक्यात टिकले कसे? असेच आलेले कितीतरी जण दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईला किंवा पुन्हा विमानतळाकडे वळले. यांचे काय वेगळे झाले?

त्या काळाची थोडी कल्पना आधी हवी. १९६५ साली अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांविषयीचा आपला कायदा बदलला. देशवार ठरलेले तुटपुंजे कोटे गेले आणि आशियातील डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडले. पुढच्याच वर्षी, ६ जून १९६६ रोजी, आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले. पावणेपाच रुपयांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांना जाऊन बसला. म्हणजे तिकडे दार उघडले आणि इकडून ढकलणारा वाराही सुटला. अर्थशास्त्राच्या तासाला आपण ‘ब्रेन ड्रेन’ म्हणून जो विषय शिकतो त्याची खरी सुरुवात या एक-दोन वर्षांतली. त्यातही डॉक्टरांची ओढ मोठी होती, कारण अमेरिकेतील रुग्णालयांना रात्रपाळीसाठी निवासी डॉक्टर हवेच होते. एक्स्चेंज व्हिसावर गेलेल्यांना शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असे खरी, पण अटीमुळे माणूस फार तर विमानात बसतो. परतलेल्यांसाठी आपल्या सरकारने १९५८ साली ‘सायंटिस्ट्स पूल’ नावाची योजना काढली होती. परदेशात शिकून आलेल्या शास्त्रज्ञाला किंवा डॉक्टरला कायमची नोकरी मिळेपर्यंत तीतून तात्पुरते वेतन मिळे. योजना चांगल्या हेतूची होती. मात्र परतणाऱ्याची अडचण केवळ नोकरीची आहे असे तीत गृहीत धरलेले होते.

आरोळे दांपत्य अमेरिकेस गेले ते याच १९६६ साली. पण त्यांच्या परतण्याची गोष्ट १९६६ च्या आधी सुरू होते, आणि माझ्या मते सगळे मर्म तेथेच आहे.

रजनीकांत मूळचे राहुरीचे, १९३४ चा जन्म, घर शिक्षकाचे. मेबल १९३५ च्या, जबलपूरला जन्मलेल्या. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघांची भेट झाली, १९५९ साली दोघेही डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि १९६० साली त्यांचा विवाह झाला. लग्नाच्या वेळीच दोघांनी खेड्यातील उपेक्षितांसाठी आयुष्य घालविण्याचे ठरविले होते. अशा शपथा तरुणपणी पुष्कळ जण घेतात आणि पुढे त्या कशा विरघळतात हेही आपण पाहतो. या दोघांनी मात्र शपथ पडताळून पाहिली. १९६२ ते १९६६ ही चार वर्षे त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले.

वडाळ्याला त्यांना जे दिसले ते कोणत्याही खेड्यातल्या डॉक्टरला दिसते, फरक इतकाच की यांनी ते मनावर घेतले. हगवणीने सुकलेले मूल आणले जाई, ते सलाइनने बरे होई, घरी जाई आणि दोन महिन्यांनी त्याच हगवणीने पुन्हा खाटेवर येई. बाळंतपणात अडलेली बाई बैलगाडीतून येईपर्यंत उशीर झालेला असे. रुग्णालय दिवसरात्र चालूनही आजूबाजूच्या गावांतील आजारपण तसूभर कमी होत नव्हते. आलेल्या रोगांपैकी बहुतेक रोग मुळात टाळता येण्यासारखे होते. शस्त्रक्रिया आणि औषधशास्त्र यांत आपण कमी पडतो आहोत, शिवाय आणखी एक विद्या अशी आहे की जी आपल्याला शिकवलीच गेली नाही, ही जाणीव घेऊन ते अमेरिकेस निघाले.

जो प्रश्न घेऊन जातो त्याचे जाणे आणि जो केवळ पदवीसाठी जातो त्याचे जाणे, यांत पुष्कळ अंतर पडते. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते क्लीव्हलंडला गेले. रजनीकांतांनी शस्त्रक्रियेचे आणि मेबल यांनी औषधोपचाराचे निवासी शिक्षण घेतले. येथे थांबले असते तर दोघांनाही तिकडे सुखाचे आयुष्य होते. परंतु त्यांनी आणखी एक वर्ष काढले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम केला. तेथे त्यांना कार्ल टेलर यांच्यासारखे गुरू मिळाले. टेलर यांचा जन्म १९१६ साली मसुरीचा, मिशनरी डॉक्टरांच्या घरातला. पंजाबातील नारंगवाल येथे त्यांनी ग्रामीण आरोग्याचे मोठे संशोधन चालविले होते. भारताचे खेडे पाहिलेला माणूस बाल्टिमोरला बसून शिकवीत होता, हा योग महत्त्वाचा. वडाळ्याचे चार वर्षांचे अनुभव तेथे टेबलावर मांडून त्यांची चिरफाड झाली आणि परत गेल्यावर काय करायचे याचा आराखडा अमेरिकेतच कागदावर उतरला. विमानात बसण्यापूर्वी परतण्याचे निम्मे काम झालेले होते, असे म्हटले तरी चालेल.

आता गावाची निवड. येथे आपल्या जिल्ह्याचा भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. उत्तरेला प्रवरा-मुळेचे पाणी, पाटाच्या कडेने ऊस, सहकारी साखर कारखाने, आणि १९६८ साली राहुरीला आलेले कृषी विद्यापीठ. दक्षिणेला कर्जत-जामखेड, बीड आणि उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, सीमेला टेकलेले, पावसाच्या भरवशावरचे. जामखेडचा इतिहास मोठा आहे. चौंडी, अहिल्याबाईंचे जन्मगाव, याच तालुक्यात. १७९५ ची मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते खर्डेही याच तालुक्यात. पण इतिहासाने रांजण भरत नाही. १९७० साली तेथे रेल्वे नव्हती आणि नगरहून जायचे तर पाऊणशे किलोमीटरचा रस्ता होता.

राहुरीचा मुलगा अमेरिकेतून सर्जन होऊन आला तर त्याने राहुरीला किंवा नगरला पाटी लावावी, हे कोणीही सांगितले असते. घर जवळ, ओळखी जुन्या, रोगी पैसे देणारे. आरोळे यांनी घर जवळ केले नाही. त्यांना गरीब, अवर्षणग्रस्त आणि स्वतः बोलावणारे गाव हवे होते. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावले आणि काम सुरू करायला जागा देऊ केली. म्हणजे जिल्हा आपला खरा, पण गाव दोघांनाही सारखेच परके. मला यात एक शहाणपण दिसते. नवरा स्वतःच्या गावी परतला की तो ‘घरी’ येतो आणि बायको दुसऱ्यांदा सासरी येते. तिची पदवी, तिचे परदेशातले दिवस, सारे त्या घराच्या उंबऱ्याशी अडते. जामखेडला दोघांनीही शून्यापासून सुरुवात केली, दोघेही डॉक्टर म्हणूनच आले. गावाने मेबल यांना अमक्यांची सून म्हणून ओळखले नाही. वडाळ्याच्या चार वर्षांत मराठीशी झालेली सलगी येथे कामाला आली.

दोघे ख्रिस्ती होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. आपल्या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. शाळा आणि दवाखाने यांबद्दल कृतज्ञता असते, पण ‘धर्म बदलायला आले आहेत’ ही शंकाही मागोमाग असते. अशा वेळी व्याख्यानांनी शंका फिटत नाही. आरोळे यांनी दवाखाना उघडला, रोगी पाहिले, पोटे कापून माणसे वाचविली. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र सांगते की रोगनिवारणापेक्षा रोगप्रतिबंध मोठा; गाव मात्र आधी विचारते, ‘माझी बायको अडली आहे, तिला सोडवता का?’ क्लीव्हलंडची शस्त्रक्रिया जामखेडला या दारातून आत गेली. बाल्टिमोरचे शास्त्र तिच्या मागून गेले.

मग १९७२ चा दुष्काळ पडला. आपल्या घरातील वडील मंडळींना तो अजून सांगता येतो. खडी फोडायला गेलेली माणसे, कामावर मिळणारी सुकडी, आणि रेशनवरची ती लाल मिलो, जिची भाकरी थापता थापता तुटे. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. डॉक्टरांनी रोग पाहायचे की पाणी पाहायचे? जामखेडमध्ये उत्तर उघड होते. जेथे प्यायला पाणी नाही तेथे गोळ्या गिळायला तरी पाणी कोठून आणावे? मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली आणि विंधन विहिरी घेण्याचे काम हाती घेतले गेले.

या विहिरींची हकीकत प्रसिद्ध आहे, तरी सांगण्यासारखी आहे. विहीर कोठे घ्यायची हे भूगर्भतज्ज्ञ दाखवी. आरोळे यांनी त्याला आधीच सांगून ठेवले, की पाण्याची जागा शक्यतो दलित वस्तीत दाखवायची. शास्त्राने दाखवलेली जागा म्हटल्यावर गावाला वाद घालायला तोंड राहिले नाही. पंप दलित वस्तीत बसला आणि सवर्ण बायकांना हंडा घेऊन तेथे जावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या विहिरीपासून दूर उभे राहून दुसऱ्याने वाढलेले पाणी घेणाऱ्यांच्या दारात आता सारे गाव रांगेला आले. ही युक्ती सरळमार्गी होती का, असा प्रश्न कोणी विचारील. मला विचाराल तर तहानेने जे कबूल करायला लावले ते उपदेशाने शंभर वर्षांत झाले नसते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. परदेशातून आलेला माणूस सहसा गावातील जातीकडे काणाडोळा करतो, ‘आपल्याला त्यात पडायचे नाही’ म्हणतो. जामखेडला हे परवडणारे नव्हते, कारण दूषित पाण्याचा रोग आणि विहिरीचा विटाळ या तेथे दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. पुरुषांना एकत्र आणण्यासाठी व्हॉलीबॉलच्या खेळाचाही उपयोग करण्यात आला आणि सर्व जातींच्या शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. बायकांची महिला मंडळे मागाहून आली.

अमेरिकेत आखलेला आराखडा सगळाच चालला असे मात्र झाले नाही. पुस्तकाप्रमाणे गावोगाव शिकलेल्या परिचारिका नेमायच्या होत्या. तशा नेमल्या. या मुली शहराकडच्या, तरुण, एकट्या. खेड्यात रात्री राहायची त्यांना भीती, आणि गावच्या बायकांना त्यांचे बोलणे म्हणजे शाळामास्तरणीचे बोलणे. लेकुरवाळ्या बाईने आपल्या पोटच्या गोष्टी एका अविवाहित मुलीला का म्हणून सांगाव्यात? योजना लंगडू लागली. तेव्हा गावातूनच सूचना आली की आमच्याच बायकांना का शिकवीत नाही? आणि येथे आरोळे दांपत्याने ऐकले. ऐकले हे मी मुद्दाम म्हणतो. दोन दोन परदेशी पदव्या घेतलेल्या माणसाला निरक्षर बाईकडे वैद्यकाचे काम सोपविणे ही काही लहान गोष्ट नाही.

गावाने निवडून दिलेल्या या बायका बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, शिकत आणि गावी जाऊन काम करीत. त्या काय शिकल्या ते पाहिले म्हणजे ‘परदेशी ज्ञान’ कसे कापून-बेतून घ्यावे लागते ते कळते. हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडायचे, ही आपल्याकडची जुनी समजूत. त्या बायका मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकल्या आणि शिकवू लागल्या. बाळंतिणीचे पहिले चिकाचे दूध वाईट म्हणून पिळून टाकीत आणि बाळाला तीन तीन दिवस उपाशी ठेवीत. ते छातीशी धरायला त्यांनी लावले. मूल मोठे झाले तर बाळंतपण अडेल म्हणून गरोदरपणी कमी खायचे, ही रीत त्यांनी मोडली. सुजून पिवळे पडलेले मूल देवीच्या कोपाने नव्हे तर अन्न कमी पडून तसे झाले आहे, हे शेजारणीने सांगितलेले पटते. डॉक्टरने सांगितलेले कानाआड जाते. नाळ स्वच्छ पात्याने कापणे, मुलाचे वजन करणे, खोकला पंधरवड्यावर गेला तर क्षयाची शंका घेणे, अंगावरच्या बधिर चट्ट्यावरून कुष्ठरोग ओळखणे. यांतील एकाही गोष्टीला बाल्टिमोरची पदवी लागत नाही. पण यांतील कोणत्या गोष्टी निवडायच्या आणि त्या कोणाच्या हाती द्यायच्या हे ठरवायला मात्र ती पदवी उपयोगी पडली.

आकडे बोलके आहेत. १९७१ साली त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाची होण्याआधी दगावत. त्याच वर्षी साऱ्या देशाचा आकडा १२९ होता, यावरून जामखेडची अवस्था कळावी. १९७६ पर्यंत प्रकल्पातील गावांत तो ५२ वर आला. पाच वर्षांत! १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूएल यांनी संपादित केलेले एक पुस्तक काढले, त्यात चीन, टांझानिया यांच्या प्रयोगांबरोबर जामखेडवर प्रकरण होते. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, अल्मा आटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा केला त्यामागे जे थोडे प्रयोग होते त्यांत आपल्या जिल्ह्यातील या तालुक्याचे नाव येते. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

सरकारने यातून काय घेतले? १९७७ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने गावोगाव सामुदायिक आरोग्य सेवक नेमण्याची योजना सुरू केली. नेमणुका झाल्या त्या बहुतांशी पुरुषांच्या, आणि हे पुरुष लवकरच छोटे डॉक्टर होऊन बसले. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता, मग नवजात मुलाचे काय करणार? बाईच बाईच्या दारी जाईल ही साधी गोष्ट ‘आशा’ योजनेने देशभर मान्य केली ती २००५ साली. जामखेडच्या बायकांनंतर तीस वर्षांहून अधिक काळाने.

कुटुंबाचे काय झाले, हे अजून सांगायचे राहिले. आरोळे यांना शोभा आणि रवी ही दोन मुले. परतणाऱ्या आईबापांची सर्वांत मोठी चिंता मुलांचीच असते आणि बहुतेकांचे परतीचे बेत तीवरच मोडतात. ‘आम्ही काय, कसेही राहू, पण पोरांच्या शिक्षणाचे काय?’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्याला खोटे म्हणता येत नाही. तालुक्याच्या गावी मुलांना क्लीव्हलंडची शाळा मिळत नाही. पण मूल शाळेत जितके शिकते त्याहून अधिक ते आईबाप दिवसभर कशात गुंतलेले आहेत यावरून शिकते, आणि ज्या घरात आईबाप येथे आल्याबद्दल रोज हळहळतात त्या घरातले मूल पहिली संधी मिळताच निघून जाते. आरोळे यांच्या घरी ही हळहळ नसावी, असा तर्क पुढील गोष्टींवरून करता येतो. शोभा डॉक्टर होऊन जामखेडलाच कामाला लागल्या आणि पुढे प्रकल्पाची धुरा त्यांनी उचलली. रवीही याच कामात आले.

सर्वच परतणाऱ्यांच्या नशिबी असे रुजणे नसते, हे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरलेली होती; पण क्षयाने पोखरलेला देह घेऊन आलेल्या त्या मुलीला एक वर्षही मिळाले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. समुद्र ओलांडणे हेच ज्या काळी पाप होते त्या काळी परतणाऱ्याला विसावायला जमीनच नव्हती. उलट, आरोळे यांच्यानंतर चौदा वर्षांनी, १९८४ साली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दुसरे मराठी दांपत्य त्याच जॉन्स हॉपकिन्समधून परतले आणि गडचिरोलीला जाऊन राहिले. गावातल्या बायकांना नवजात अर्भकांची काळजी घ्यायला शिकविण्याचे त्यांचे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तेही अमेरिकेस जाण्यापूर्वी खेड्यात काम करून गेले होते, हा योगायोग नव्हे. आधी खेडे पाहिलेले असले म्हणजे परतायचे कोठे हे ठाऊक असते.

आज परिस्थिती बदलली आहे. आपल्या जिल्ह्यातील मुले पुण्याच्या कंपन्यांतून अमेरिका-जर्मनीला जातात, व्हिसाची मुदत संपली किंवा आईवडील थकले म्हणून परततात, ती पुण्यालाच. घरी व्हिडिओवर रोज बोलणे होते, त्यामुळे तुटल्यासारखे वाटत नाही आणि परतल्यासारखेही वाटत नाही. त्यांना कोणी जामखेडला जा म्हणावे असे माझे म्हणणे नाही. प्रत्येकाने दवाखाना काढायचा नसतो. पण ‘येथे काही सोयच नाही’ ही परतलेल्यांची नेहमीची तक्रार ऐकली की मनात येते, १९७० साली जामखेडला कोणती सोय होती?

मेबल आरोळे १९९९ साली वारल्या, रजनीकांत २०११ च्या मे महिन्यात. दोघांनी मिळून जामखेडच्या कामावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यात मुक्ताबाई पोळ या आरोग्य कार्यकर्तीची एक आठवण आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनला एका मोठ्या परिषदेत त्या बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की डॉक्टर हे या झुंबरांसारखे, देखणे पण महाग, लांबून येऊन पाहण्याचे. आणि आम्ही या पणतीसारख्या. एका पणतीवरून दुसरी लावता येते, झुंबरावरून झुंबर लावता येत नाही. सभागृह उभे राहिले म्हणतात. जामखेडच्या प्रशिक्षण केंद्रात नंतर देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी शिकायला येऊ लागले, अमेरिकेतूनही येऊ लागले. त्यांना शिकविणाऱ्यांत या बायका असतात. त्या मराठीतच शिकवितात, शेजारी दुभाषा बसलेला असतो.